भरतीचे गणित आणि अभियंत्यांचे शिक्षण

अभियांत्रिकीचा विद्यार्थी फूरिये श्रेणी पाठ करतो, तिचे गुणक काढून गुण मिळवितो आणि परीक्षा संपताच सारे विसरतो. गणित त्याच्यापुढे येते ते सूत्रांच्या रूपाने; ज्या प्रश्नासाठी ते सूत्र हवे तो प्रश्न मात्र त्याला कधी भेटत नाही.

१९६७ साली स्थापन झालेले गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आज फर्मागुडीला आहे. तेथून मांडवी व झुआरी ह्या भरती-ओहोटीच्या नद्या दूर नाहीत. चंद्रामुळे येणारी लहर सुमारे १२ तास २५ मिनिटांची, सूर्यामुळे येणारी १२ तासांची. ह्या दोहोंची बेरीज विद्यार्थ्यास करावयास सांगावी. रापणकाराला तिथीवरून कळणारे उधाण, सुमारे पावणेपंधरा दिवसांच्या अंतराने, त्याच्या कागदावर उमटेल. लॉर्ड केल्व्हिन ह्यांनी १८७० नंतरच्या दशकात भरतीचे भाकीत करणारे यंत्र रचले, ते अशाच लहरींची बेरीज करणारे होते.

पुढचा प्रश्न खाजन शेतीचा. मानशीचे दार ओहोटीला उघडते, भरतीला मिटते. उधाणाची भरती बांधावरून चढण्याचे भय सर्वांस दिसते. पण भांगाच्या ओहोटीत नदी पुरेशी उतरत नाही आणि शेतातील पावसाचे पाणी अडून राहते, हे गणित मांडल्यावर उमगते. दार किती तास उघडे राहील? ते किती रुंद हवे? पाऊस किती धरावा, झिरपा सोडून द्यावा काय? काय धरावे आणि काय सोडावे, ह्या निर्णयातच अभियंता घडतो. तो चुकला तर खारे पाणी शेतात शिरते किंवा पीक कुजते.

अशाने सिद्धान्ताचा पाया कच्चा राहील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. सिद्धान्त शिकविलाच पाहिजे. परंतु आधी गरज पटली की तो अधिक खोल रुजतो. ह्यासाठी गणिताच्या आणि स्थापत्याच्या प्राध्यापकांनी एकत्र शिकवावे, आणि प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न असा असावा की ज्यातील गृहीतके विद्यार्थ्याने स्वतः निवडून त्यांचे समर्थन करावे. परीक्षा बदलल्यावाचून अध्यापन बदलत नाही, हा अनुभव जुना आहे. बांध आणि मानशी उद्या ज्यांच्या हाती सोपवावयाच्या, त्यांना नदीकाठी नेण्यास आणखी विलंब नको.