बैलाला कायदा, आम्हाला हॉर्न

शर्यतीत बैलाचे हाल होतात म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या मेव्हण्याच्या टेंपोत बसावं. अलिबागच्या किनाऱ्यावर बैलगाड्या पळणार, म्हणून आदल्या रात्री स्टोव्ह, वळकट्या आणि सात माणसं घेऊन आम्ही पालीला मुक्काम ठोकला. मेव्हण्याने रात्रभर पत्ते कुटले. पहाटे मी बल्लाळेश्वराला हात जोडले, ते वाकण फाट्यानंतरही सुटेनात. पठ्ठ्या पेंगत पेंगत प्रत्येक एस.टी.ला मागे टाकत होता!

किनाऱ्यावर मात्र बैलाचा थाट! २०१४ साली सुप्रीम कोर्टाने या शर्यती बंद केल्या. २०२३ साली महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा मान्य केला. आता आधी बैलाची डॉक्टरी तपासणी, १००० मीटरपुढे पळवायचं नाही, काठी-चाबूक बंद. उत्तम! मुक्या जिवाला बडवण्यात कसली आलीय मर्दुमकी?

पण बोलक्या जिवांचं काय? बैल थकलाय का हे बघायला डॉक्टर; ड्रायव्हर झोपलाय का, हे कोण बघणार? बघ्यांनाही तेच नियम लावा!

"भाऊजी, बैल काय पळाले!" मेव्हणा म्हणाला.

"पळाले. पण वळणावर एकानेही ओव्हरटेक केलं नाही," असं म्हणून मी एस.टी. स्टँडचा रस्ता धरला.