काळी जादू नव्हे, २० मिलिमीटर तार

इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींत एक वाक्य फार लाडकं आहे : ‘आरएफ म्हणजे काळी जादू.’ प्राध्यापक ते हसत म्हणतात, कंपन्यांतले सीनियर म्हणतात, आणि दुसऱ्या वर्षाची मुलं ते ऐकून निमूटपणे मायक्रोकंट्रोलरकडे वळतात. मला या वाक्याचा राग येतो. सांगतात ते विनोद म्हणून, पण काम करतं ‘प्रवेश बंद’च्या पाटीचं.

या जादूतली एक युक्ती उघड करूनच टाकतो. एक नॅनोफॅरडचा साधा कपॅसिटर घ्या आणि त्याचे दोन्ही पाय १०-१० मिलिमीटर लांब ठेवून जोडा. सरळ तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरतात. म्हणजे पायांचं मिळून २० नॅनोहेन्री. एक किलोहर्ट्झला ते असून नसल्यासारखं. पण १०० मेगाहर्ट्झला, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्यात, त्या तारेचा अवरोध साडेबारा ओहम होतो आणि खुद्द कपॅसिटरचा जेमतेम १.६. साधारण ३६ मेगाहर्ट्झला दोघांचा अनुनाद होतो. त्यापुढे तुमचा कपॅसिटर चक्क इंडक्टर म्हणून वागतो. पाय एकेक मिलिमीटरवर छाटा, तोच बिंदू ११० मेगाहर्ट्झच्या पलीकडे जातो. झाली जादू! लागलं काय? बारावीचं भौतिकशास्त्र आणि एक कटर.

हे मला पदवीच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते एका जाडजूड हँडबुकाने. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या संघटनेने, एआरआरएलने, १९२६ साली ते पहिल्यांदा काढलं आणि तेव्हापासून त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत आहेत. ते लिहिलं गेलं परवाना काढून घरी ट्रान्समीटर बांधणाऱ्या माणसासाठी. त्याला परीक्षेत गुण मिळवायचे नसतात, त्याला पलीकडच्या माणसाचा आवाज ऐकायचा असतो. पुस्तकाचा सगळा स्वभाव या एका गोष्टीने ठरतो.

आपल्याकडे पुस्तकाचा स्वभाव ठरवते प्रश्नपत्रिका. आपण गाइडच्या संस्कृतीत वाढलो. गाइड सांगतं काय विचारतील. हँडबुक सांगतं काय बिघडेल. आमच्या वर्गात स्मिथ चार्टवर गणितं सोडवून घेतली, कंपासने सुबक वर्तुळं काढून घेतली. पण खऱ्या अँटेनाला मीटर लावून त्या चार्टवरचा एकही बिंदू कोणी मोजायला लावला नाही. तेव्हा उपकरणं महाग होती, हे मान्य. आज खिशात मावणारा नेटवर्क अ‍ॅनालायझर काही हजार रुपयांत मिळतो. सबब संपली, सवय उरली.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हँडबुक म्हणजे पाककृती. खरं ज्ञान मॅक्सवेलच्या समीकरणांत. मॅक्सवेलबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार क्रमाबद्दल आहे. ७.१ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी २१.१ मीटर भरते. हँडबुक सांगतं, द्विध्रुवाची तार सुमारे २०.१ मीटर धरा, कापताना थोडी जास्त ठेवा आणि मोजत मोजत छाटा. एक मीटर गेला कुठे? जमिनीपासूनची उंची बदलली की आकडा का हलतो? ज्याने गच्चीवर तार बांधली, त्याला हे प्रश्न छळतात, आणि मग तो स्वतःच्या पायांनी मॅक्सवेलकडे जातो. ज्याला समीकरण आधी पाजलं, त्याला प्रश्नच पडलेला नसतो.

‘यूट्यूबवर सगळं आहे’ हा दुसरा आक्षेप. आहे खरं. पण व्हिडिओत सर्किट चालतं. तुमच्या टेबलावर ते चालत नाही, तेव्हा लागतो तक्ता, सूची आणि मागच्या प्रकरणाकडे बोट दाखवणारी ओळ.

तिसरा आक्षेप मला अर्धा पटतो : ही पुस्तकं परक्या बाजारासाठी लिहिलेली असतात. त्यातला टोरॉइड लॅमिंग्टन रोडवर मागितला तर दुकानदार वेगळंच काही काढून देतो. पण हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स हा ट्रान्सिव्हर रचताना नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळून दाखवली, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो बांधला. ज्याला कॉइल कशासाठी आहे हे कळलं, त्याचं वॉशरवर भागतं.

आता खरं दुखणं. माझ्या कपाटात या विषयाची डझनभर पुस्तकं आहेत, मराठी एकही नाही. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश अंतराळातले अतिक्षीण रेडिओतरंग टिपत उभ्या आहेत. आणि त्याच तालुक्यात मराठी माध्यमातून डिप्लोमाला गेलेल्या मुलीला इम्पिडन्स जुळवणं म्हणजे काय, हे तिच्या भाषेत सांगणारं पान मिळत नाही. ती हुशार नाही म्हणून आरएफ सोडत नाही. इंग्रजीचा उंबरठा आणि ‘काळी जादू’ची पाटी एकदमच तिच्यासमोर येतात, म्हणून सोडते.

शब्द नाहीत, ही तक्रार कोणी सांगू नये. ‘कॉइल’, ‘फिल्टर’, ‘अँटेना’ हे शब्द वायरमनच्या तोंडी कधीचे मराठी झाले आहेत. परिभाषा समितीची वाट बघायचं कारण नाही. दोनशे पानं, इथे मिळणारे सुटे भाग, प्रत्येक सर्किटखाली ‘चाललं नाही तर काय बघाल’ असा परिच्छेद, आणि परवान्याच्या परीक्षेचं एक प्रकरण. एवढं पुस्तक निवृत्त अभियंत्यांनी ठरवलं तर दोन वर्षांत उभं राहील.

आणि प्राध्यापकहो, तोवर निदान तो विनोद बंद करा. जादू म्हटलं की शिकवायची जबाबदारी संपते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.