मंजुरी आली, खाट कधी?

विहीर मंजूर झाली म्हणजे पिकाला पाणी मिळाले असे नव्हे, हे आपल्याला ठाऊक आहेच. कॅनडातील ओंटारिओ प्रांताला हाच अनुभव वृद्धांच्या शुश्रूषागृहांबाबत आला.

तिथल्या जुन्या गृहांत एकेका खोलीत चार-चार खाटा असत. २०२० मध्ये करोना आला, दाटीच्या खोल्यांत झपाट्याने पसरला आणि पुष्कळ वृद्ध दगावले. काही ठिकाणी लष्कराचे जवान मदतीला धाडावे लागले.

नव्या बांधणीत एका खोलीत दोनच खाटा चालतात. पण जुने पाडून नवे बांधायचे तर परवाना हवा, नकाशाला मंजुरी हवी, सरकारशी करार हवा. बांधकामाचे मुख्य अनुदान माणसे राहायला आल्यावर, दर खाटेमागे दररोज, २५ वर्षे मिळते. कामाआधी पैसा नाही, ही अट रास्तच. मात्र तोवरचा खर्च कर्जावर भागवावा लागतो. साहित्य आणि व्याज महागले तशी मंजूर कामे अडली. अखेर २०२२ मध्ये मुदतीत काम सुरू करणाऱ्यांना सरकारने जादा अनुदान जाहीर केले. तोवर वृद्ध जुन्या इमारतीत, नाहीतर प्रतीक्षा-यादीत.

आपल्या गावात दवाखाना किंवा वृद्धाश्रम मंजूर झाला, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा: काम कधी सुरू होणार? पैसा कोणत्या टप्प्याला मिळणार? भाव वाढले तर भार कोण उचलणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पीक एक हंगाम थांबेल. म्हातारपण थांबत नाही.