न निघणाऱ्या पहारेकऱ्याला निरोप

दुकानाचा जमाखर्च आता घरच्या संगणकावर आला आहे. दिवसा ज्या संगणकावर मुले अभ्यास करतात, त्याच संगणकावर रात्री टॅलीतील नोंदी पूर्ण होतात, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात आणि बँकेची खाती पाहिली जातात. अशा संगणकाला विषाणूंपासून राखण्यासाठी अँटिव्हायरस असतो. परंतु कित्येक घरांत हा राखणदारच डोईजड होऊन बसतो. त्याची मुदत केव्हाच संपलेली असते, नूतनीकरणाची सूचना पडद्यावर वारंवार झळकते, संगणक मंदावतो; आणि काढून टाकावयास जावे, तर तो निघत नाही.

हा हट्ट मुळात दोष नव्हे. संगणकात शिरलेला चतुर विषाणू सर्वप्रथम पहारेकऱ्यालाच निकामी करू पाहतो. म्हणून अँटिव्हायरस बनविणाऱ्यांनी त्यात आत्मरक्षणाची तरतूद केली. त्याच्या फाइली सहजासहजी पुसता येत नाहीत आणि त्याचे काम थांबविता येत नाही. शिवाय प्रत्येक फाइल उघडताक्षणी तपासावयाची, तर त्याला विंडोजच्या अगदी गाभ्यात जागा घ्यावी लागते. तेथे त्याचे ड्रायव्हर नावाचे लहान भाग संगणक सुरू होतानाच जागे होतात. पुसण्याची आज्ञा मालकाने दिली की चोराने, हे त्यांना ओळखता येत नाही; म्हणून चोरासाठी उभारलेली तटबंदी मालकालाही अडविते.

गाभ्यातील ही जागा किती नाजूक असते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीचे सुरक्षा सॉफ्टवेअर मोठ्या कार्यालयांसाठी असते. त्याचा एक सदोष अपडेट त्या दिवशी सर्वत्र पोहोचला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. इतक्या खोलवर बसलेली वस्तू ओढून काढावयाची नसते, रीतीने सोडवावयाची असते.

अनेकजण येथेच चुकतात. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये जाऊन अँटिव्हायरसचे फोल्डर पुसून टाकले की काम झाले, असे त्यांना वाटते. व्यापारी घराला याचा अर्थ चटकन कळेल. रोजकीर्दीचे पान फाडले, तरी खातेवहीतील नोंदी तशाच राहतात आणि तेरीज जुळत नाही. फोल्डर गेले, तरी ड्रायव्हर आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतील नोंदी मागे उरतात. मग कधी इंटरनेट बंद पडते, कधी नवा अँटिव्हायरस बसत नाही.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस अंगभूतच असतो. दुसरा अँटिव्हायरस आला की तो आपणहून बाजूला होतो आणि दुसरा रीतसर गेला की पुन्हा पहाऱ्यावर येतो. परंतु दुसरा अर्धवट निघाला, तर त्याची नोंद कधीकधी विंडोजकडे कायम राहते आणि डिफेंडर बाजूलाच बसून राहतो. दारावर पहारेकऱ्याच्या नावाची पाटी असते, पण पहाऱ्यावर कोणीच नसते. ज्या संगणकात वर्षाचा हिशेब आहे, त्याची ही अवस्था सर्वांत घातक होय.

म्हणून निरोपाचा क्रम पाळावा. पहिले काम बॅकअपचे. टॅलीतील बॅकअपची सोय वापरून हिशेबाची प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. अँटिव्हायरससोबत पासवर्ड जपणारी वही किंवा फाइलींची कुलूपबंद तिजोरी वापरली असेल, तर त्यातील ऐवज आधी बाहेर काढावा. 'क्वारंटाइन' या कोठडीत चुकून कामाची फाइल अडकली आहे का, तेही पाहावे. परवान्याचा क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असावी. पुढील पायऱ्यांत ती मागितली जाऊ शकते.

दुसरे काम सरळ मार्गाचे. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि तेथे 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडून अँटिव्हायरससमोरील 'अनइन्स्टॉल' निवडावे. आत्मरक्षण आडवे येत असेल, तर अँटिव्हायरसच्याच सेटिंग्जमध्ये ते बंद करता येते. सेटिंग्जना पासवर्ड लावला असेल, तर तो ज्याने लावला त्याच्याकडून मिळवावा; बहुधा तो संगणक बसवून देणाऱ्याकडे असतो. काही ठिकाणी काढतानाही निवड करावी लागते. पुण्यात कैलाश व संजय काटकर या बंधूंनी उभ्या केलेल्या क्विक हीलमध्ये विषाणूंच्या माहितीच्या फाइली मागे ठेवून काढणे आणि पूर्णपणे काढणे असे दोन पर्याय येतात. कायमचा निरोप द्यावयाचा असेल, तर दुसरा घ्यावा. त्यानंतर संगणक अवश्य रीस्टार्ट करावा. गाभ्यातील भाग पुष्कळदा तेव्हाच सुटतात.

सरळ मार्गाने काम झाले नाही, तर तिसरे काम. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आपापला अँटिव्हायरस समूळ काढण्यासाठी विनामूल्य साधन ठेवले आहे. मॅकॅफीचे 'एमसीपीआर', नॉर्टनचे 'रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल', अव्हास्टचे 'अव्हास्ट क्लिअर' ही त्यांतील परिचित नावे. नॉर्टनच्या साधनात केवळ काढण्याचा पर्याय 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये असतो; तो न निवडल्यास सॉफ्टवेअर पुन्हा बसते. हे साधन त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. काही साधने 'सेफ मोड'मध्ये चालवावी लागतात. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडले की तिकडे जाण्याची वाट उघडते. या अवस्थेत विंडोज मोजक्याच भागांसह सुरू होते, म्हणून गाभ्यातील पहारेकरी बहुधा झोपलेला असतो.

चौथे काम सर्वाधिक विसरले जाते. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या पानावर आता कोणाचे नाव आहे आणि संरक्षण चालू आहे का, हे पाहावे. जुन्याचे नाव दिसत असेल, तर तिसरे काम पुन्हा करावे. नवा अँटिव्हायरस घ्यावयाचा असेल, तर तो या खात्रीनंतरच बसवावा. एकाच वेळी दोघे पहाऱ्यावर असले, तर एकाच फाइलीसाठी दोघांची ओढाताण होते आणि संगणक अडखळतो. दुकानात अद्याप विंडोज ७ असेल, तर मात्र डिफेंडरवर विसंबू नये. त्या काळी याच नावाची सोय हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरपुरतीच होती, आणि विंडोज ७ ची सर्वसामान्य देखभाल मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबविली आहे.

या साऱ्यात वाट अडली की मनुष्य मदतीचा दूरध्वनी क्रमांक शोधू लागतो आणि ठग नेमकी तीच वेळ साधतात. इंटरनेटवर कंपनीच्या नावाने खोटे क्रमांक पसरलेले असतात. पलीकडची गोड बोलणारी व्यक्ती एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उघडावयास सांगते आणि संगणकाचा ताबा घेऊन बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचते. 'नूतनीकरणाचे पैसे कापले, परत हवे असल्यास फोन करा' असे बनावट बिल ईमेलने पाठविणे हाही त्यातलाच प्रकार. अनोळखी व्यक्तीच्या हाती संगणक देणे म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या देणे होय. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. जितकी त्वरा, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

अखेरची गोष्ट पैशाची. सॉफ्टवेअर निघाले म्हणून वर्गणी थांबत नाही. खरेदीच्या वेळी कार्डाचा तपशील दिला असेल, तर दरवर्षी आपोआप रक्कम कापली जाण्याची संमतीही बहुधा तेव्हाच दिली गेलेली असते. कंपनीच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यात जाऊन ही स्वयंचलित वसुली वेगळी बंद करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकास कळविले पाहिजे; तो संदेश न वाचता पुसू नये. ज्या घरात देण्याघेण्याची प्रत्येक रक्कम लिहिली जाते, तेथे अँटिव्हायरसचे नाव, परवाना क्रमांक, मुदतीची तारीख आणि वसुली बंद केल्याची तारीखही वहीत असावी. पुढच्या वर्षी घरातील दुसरे कोणी संगणकासमोर बसले, तरी त्याला कोणाकडे विचारावयास जावे लागणार नाही.