कुंकू लावा, पण आधी फडकं मारा

दसऱ्याला मामाकडे गेलो होतो. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की सरळगावच्या जवळच गाव आहे. ओटीवर मामेभावाच्या बेंजो पार्टीचं सगळं सामान ओळीत मांडलेलं. बेंजो, कीबोर्ड, ढोलकी, ताशे, ऑक्टोपॅड, आणि ऑक्टोपॅडला जोडायच्या दोन रबरी सिंबल. दादाने प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचे हार घातले, नारळ वाढवला. नारळाचं पाणी क्रॅशच्या कडेवरून ओघळून खाली जॅकपर्यंत गेलं. मी म्हटलं, "दादा, ते पुसून घे." तर म्हणाला, "पूजा झाल्यावर लगेच पुसतात का रे? आणि रबर हाय तो, त्याला काय होतंय?"

मंडळी, या "त्याला काय होतंय"वर मला आज भांडायचं आहे. नातेवाईकांनी वाचलं तर बरंच, त्यांच्याशीच भांडण आहे.

आधी मे महिन्यात काय झालं ते सांगतो. शहापूर तालुक्यात, खर्डीच्या पुढे, एका हळदीची सुपारी होती. मीही गेलो होतो. (नोकरी कल्याणला असली तरी शनिवारी-रविवारी माझे हात शिवशिवतात.) रात्री अकराच्या सुमारास नाच ऐन रंगात, आणि क्रॅश मेला. म्हणजे अगदी बंद नाही, काठी मारली की "च्" एवढंच वाजायचं आणि पुढचा झंकार जागच्या जागी गप्प. वायर बदलली, पिन काढून घातली, कोणी ऑक्टोपॅडलाच दोन चापट्या मारल्या. काही नाही. मग बिनक्रॅशचीच हळद वाजवली. पैसे देताना वरबापाने थोडे हात आखडते घेतले, आणि दादाने ते कापले कुणाचे? सामान उचलणाऱ्या, वायरी गुंडाळणाऱ्या वाडीवरच्या पोराचे! "सामान तुझ्या ताब्यात होतं ना?" एवढंच बोलून विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी मी ती सिंबल मांडीवर घेऊन बसलो. या सिंबलच्या पोटात पायझोची चपटी चकती चिकटवलेली असते. वर काठी पडली की ती थरथरते, त्या थरथरीची बारीकशी वीज होते आणि वायरने ऑक्टोपॅडकडे जाते. आवाज तिथे निघतो. पण कडेला, रबराच्या खाली, आणखी एक गोष्ट असते, पट्टीसारखा स्विच. दोन पातळ थर, दाबले की जुळतात. खऱ्या झांजेची कड हाताने धरली की नाद थांबतो, तसाच इथे कड चिमटीत धरली की आवाज तुटावा म्हणून ही सोय. आता हा स्विच दाबलेलाच राहिला तर? यंत्राला वाटतं, वाजवणाऱ्याने कड धरूनच ठेवली आहे. नेमकं तेच झालं होतं. कडेच्या फटीत हळद, तेल, घाम आणि धूळ यांचा मस्त लगदा बसला होता. दर हळदीला ओल्या पिवळ्या हातांनी आपण कड चिमटतो आणि तशीच सिंबल पिशवीत टाकतो, दुसरं काय होणार! ओलसर फडक्याने अर्धा तास कड पुसली, मग दिवसभर सावलीत वाळवली. वाजायला लागली.

म्हणजे त्या पोराचे पैसे अर्ध्या तासाच्या फडक्यापायी गेले. फडकं मारायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि कड चिमटणारे हात तर त्याचे नव्हतेच.

आमच्याकडे वाद्याची निगा कोणाला कळत नाही, असं म्हणायची सोय नाही. तीच माणसं ताशाचं चामडं वाजवण्याआधी जाळावर शेकून घेतात, पावसाळ्यात तर दोन-दोनदा. भजनी मंडळाच्या झांजा आजी चिंच आणि राख लावून घासायची, त्यात तोंड दिसायचं. मग हीच माणसं रबराशी असं का वागतात? मला वाटतं, चामडं तक्रार करतं म्हणून. ओल लागली की ते लगेच ढब् ढब् बोलतं. कासं काळं पडतं, डोळ्यांना दिसतं. रबर काहीच बोलत नाही. काळंच असतं, मळलं तरी काळंच. वर्षभर गप्प राहतं आणि एका रात्री मांडवात तोंड फिरवतं.

त्यात आपल्याकडची हवा. लग्नसराई नेमकी राब भाजायच्या दिवसांत. शेताशेतांत पालापाचोळा, शेण जळत असतं, राख उडून सगळ्या सामानावर बसते. शिवाय रस्त्याची धूळ, वीटभट्ट्यांची धूळ. मग आषाढीपासून सुपाऱ्या बंद, आणि सामान नायलॉनच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर. आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते मी सांगायला नको, मुंबई भातसा-तानसाच्या पाण्यावर जगते त्यातच आलं. गणपतीला पिशवी उघडली की बुरशीचा वास, जॅकला हिरवं, आणि आतला जुना फोम भुगा होऊन रबराला चिकटलेला.

आणि पुसणारे पुसतात ते कशाने? थिनरने! एकाने पेट्रोलने पुसलेलं मी पाहिलं आहे. २०२० नंतर घरोघरी सॅनिटायझर आला, तर तेही झालं. ऑक्टोपॅड १९८५ मध्ये आला, रोलँडचे व्ही-ड्रम्स १९९७ मध्ये. इतक्या वर्षांत या कंपन्या पुस्तिकेत तेच ते लिहीत आल्या आहेत, की थिनर, बेन्झिन, अल्कोहोल लावू नका, रंग जातो, आकार बिघडतो. पण पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत. एक जण टायरचं पॉलिश लावतो. दिसतं झकास, पण काठी घसरते आणि चिकट थरावर दुप्पट धूळ बसते. आणि पितांबरी? ती कास्या-पितळेसाठी असते हो! झांज म्हटली की घासायचीच, हा हिशेब रबराला लावला की वर चरे पडतात आणि पावडर फटीत जाऊन बसते.

करायचं असतं फार थोडं. वाजवून झालं की यंत्र बंद करून पिन काढायची. कोरडं सुती फडकं फिरवायचं, कड आणि मधला नट नीट. चिकट असेल तर फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, हट्टी डागाला भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मग पुन्हा कोरडं. नळाखाली धरायची नाही. जॅक खरखरला तर कॉन्टॅक्ट क्लीनर पिनेवर मारून पिन चार-सहा वेळा आतबाहेर करायची, तो रबरावर मारायचा नाही. मे महिन्यात पिकअपच्या हौद्यात उन्हात सोडायची नाही, रबर कडक होतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पिशवी उघडून वारा द्यायचा.

एवढ्यासाठी तंत्रज्ञ लागत नाही. लागतो एक माणूस, ज्याचं हे काम आहे असं सगळ्यांनी मान्य केलंय, आणि ज्याला त्याचा वाटा मिळतो. इथे दादा चिडतो. म्हणतो, वाटा वाजवणाऱ्यांचा, उचलणाऱ्याला मजुरी. बरं, मग मजुरी देताना बिघाडाची जबाबदारी का देतोस? वाट्याच्या वेळी तो हमाल आणि नुकसानीच्या वेळी भागीदार, हे कसं? मामा म्हणाले, "पोरगा लहान आहे, शिकेल." बारावी झालेला पोरगा आहे, मामा. शिकेलच. शिकला की दुसऱ्या पार्टीत जाईल.

आणि पूजेबद्दल. मी पूजेच्या विरुद्ध नाही, उगाच गैरसमज नको. (आई, तू तर मुळीच करून घेऊ नकोस.) हार घाला, अक्षता वाहा. पण कुंकू स्टँडच्या पायाला लावलं तर देवी रागावेल का? आणि नारळ अंगणात वाढवला तर? वर्षातून एकदा हात जोडायचे आणि उरलेलं वर्षभर हळदीचे हात पुसायचे, ही भक्ती मला कळत नाही.

असो. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली सुपारी किन्हवलीची आहे. मी जुन्या धोतराची चार फडकी फाडून ठेवली आहेत. दोन त्या पोरासाठी, एक माझ्यासाठी, एक दादासाठी. मामा, हे दादाला वाचून दाखवा. तो स्वतःहून वाचणार नाही.