खिशात मावणारे अभय

बिदर शहरात १६ जानेवारी २०२५ रोजी भर दिवसा, स्टेट बँकेच्या दारात, एटीएम यंत्रांत भरण्यासाठी रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या. त्यात जीवहानी झाली, रोकडीची पेटी गेली आणि मारेकरी राज्याची सीमा ओलांडून हैदराबादेत पोहोचले. तेथे अफझलगंजात एका प्रवासी कंपनीच्या कार्यालयात त्यांनी पुन्हा गोळी झाडली. एका दिवसात दोन राज्ये, दोन गोळीबार, आणि मधल्या साऱ्या रस्त्यावर त्यांना अडविणारा कोणी नाही! या घटनेनंतर बिदर-कलबुर्गी पट्ट्यातील व्यापाऱ्याच्या मनात स्वसंरक्षणाचा विचार आला नसता तरच नवल.

हैदराबाद-सोलापूर महामार्गावरील राजेश्वर हे बसवकल्याण तालुक्यातील गाव घ्या. एका बाजूस उमरग्याकडून महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूस जहिराबादकडून तेलंगण, दोन्ही सीमा तास-सव्वा तासाच्या अंतरावर. तुरीच्या हंगामात या भागातील आडत्याच्या हाती रोकड खेळते आणि ती घेऊन त्याला अंधार पडल्यावर घरी परतावे लागते. कानडी, मराठी, दखनी आणि तेलुगू या चारही भाषांत त्याचा व्यवहार चालतो. भीतीला मात्र भाषांतराची गरज नसते. असा माणूस जेव्हा विचारतो की, ‘कोणते पिस्तूल घ्यावे? लहान, हलके, सदऱ्याखाली दिसणार नाही असे,’ तेव्हा त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. दारावर शिपाई ठेवून निजणाऱ्या मंत्र्यांना तर मुळीच नाही.

त्या प्रश्नामागील इतिहासही आम्ही विसरू शकत नाही. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्रास्त्रांचा कायदा झाला आणि या देशाचा सामान्य माणूस निःशस्त्र केला गेला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून, पेटीच्या चोरकप्प्यातून या देशात आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. बिदर जिल्ह्यापुरते बोलायचे तर गोरट्याची आठवण पुरेशी आहे. १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी तेथे जी कत्तल केली, ती सशस्त्रांनी निःशस्त्रांची केलेली कत्तल होती. सप्टेंबरात भारतीय फौजा येईपर्यंत निजामी मुलखातील सीमेवरच्या गावकऱ्याला त्राता नव्हता. ज्या भूमीने हे पाहिले तिला ‘शस्त्र हे पाप आहे’ असे पुस्तकी प्रवचन ऐकविणे आम्हाला जमणार नाही.

म्हणूनच प्रश्न गांभीर्याने घेऊ आणि दुकानाच्या काचेआड काय मांडले आहे ते पाहू. परवानाधारक नागरिकाला आपल्याकडे ९ मिलिमीटर, .३८ वा .४५ बोअरची शस्त्रे मिळत नाहीत. ती निषिद्ध वर्गातील होत. १९८० च्या दशकापासून विदेशी शस्त्रांची व्यापारी आयातही बंद आहे, त्यामुळे जुनी विलायती पिस्तुले वडिलोपार्जित दागिन्यांसारखी हातोहात आणि अवाच्या सव्वा किमतीला विकली जातात. उरतो तो मुख्यत्वे .३२ आणि .२२ बोअरचा देशी माल. त्यात सरकारी आयुधनिर्माणींचे ‘अशनी’ हे .३२ चे पिस्तूल आहे. जुन्या धाटणीचे, दुमडून उघडणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर आहे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून आलेले, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ आहे. सुमारे अडीचशे ग्रॅमचे, .२२ बोअरचे ‘निडर’ आहे. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले, काडतुसांचे चक्र बाजूला उघडणारे, पन्नास मीटरपर्यंत मारा करते असा गाजावाजा झालेले ‘प्रबल’ आहे. अलीकडे हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉट आणि हिसारमध्ये ब्राझीलची टॉरस, यांनीही भारतीय भागीदारांसह कारखाने काढले आहेत.

या नामकरणाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘निर्भीक’ हे नाव डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीच्या बसमध्ये अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीच्या स्मृतीशी जोडले गेले. किंमत होती सुमारे एक लाख बावीस हजार रुपये! रात्री बसने घरी जावे लागणाऱ्या मुलीला हे शस्त्र परवडणार होते काय? ज्यांना परवडणार होते त्या बसने प्रवास करीत नव्हत्या. सरकारने बस सुरक्षित करण्याऐवजी पर्समध्ये मावेल अशी वस्तू बाजारात आणली आणि तिला कर्तव्यपूर्तीचा मुलामा दिला.

आता निवडीचा खरा विचार. विक्रेता ज्या गुणांची जाहिरात करतो, त्यांतील प्रत्येक गुणाची किंमत झाडणाऱ्याला मोजावी लागते. पिस्तूल हलके केले की त्याच काडतुसाचा धक्का हाताला अधिक बसतो आणि दुसरी गोळी नेमकी जाणे कठीण होते. नळी आखूड केली की मागची व पुढची माशी जवळ येते. नेमातील केसभर चूक मग लक्ष्यापाशी वीतभर होते. मूठ लहान केली की करंगळीला आधार राहत नाही. .२२ चे शस्त्र पोरालाही पेलेल, पण धावून येणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसाला ते थांबवीलच याची शाश्वती नाही. पन्नास मीटरचा मारा हा तर निव्वळ जाहिरातीचा अलंकार आहे. पन्नास मीटरवरील माणूस तुमच्यावर हल्ला करीत नसतो आणि त्याच्यावर गोळी झाडणाऱ्याला न्यायालयात ‘स्वसंरक्षण’ हा शब्द उच्चारणे कठीण जाईल.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हा वाद त्याहून महत्त्वाचा आहे. पिस्तूल चपटे असते, कपड्याखाली बसते, काडतुसेही अधिक घेते. परंतु त्याचे मॅगझीन काढून घेतले तरी नळीत एक काडतूस शिल्लक राहू शकते. ‘रिकामे आहे’ अशा समजुतीने झालेल्या कित्येक अपघातांचे मूळ त्या एका काडतुसात असते. रिव्हॉल्व्हर फुगीर आहे, सदऱ्याखाली त्याचा उंचवटा दिसतो. पण ते उघडताच भरलेले की रिकामे हे कळते, आणि एखादे काडतूस न उडाल्यास चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. पिस्तुलात काडतूस अडकले तर ते दोन्ही हातांनी खेचून काढावे लागते. अंधारात, घाबरलेल्या माणसाला हे किती साधेल? आणखी एक खाचखळगा नवख्याने ध्यानात ठेवावा. परवान्यावर दोन्ही शस्त्रांपुढे ‘.३२’ असेच लिहिले जाते, पण पिस्तुलाचे काडतूस वेगळे आणि रिव्हॉल्व्हरचे वेगळे. एकाचे दुसऱ्यासाठी नाही.

एवढे जाणूनही ज्याला घ्यायचेच आहे, त्याने सर्वांत लहान ते न घेता हातात नीट बसणारे, थोडे जड आणि साधे शस्त्र घ्यावे, असे आमचे मत आहे. अगदी नवख्याला आम्ही रिव्हॉल्व्हरच सुचवू. पण ही शिफारस करतानाच आमची लेखणी अडखळते.

कारण शस्त्र लपविलेले असते, आणि हल्लेखोराचे शस्त्र आधीच हातात असते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर या पोलीस अधिकाऱ्याने १९८३ साली दाखवून दिले की, हाती सुरा घेतलेला माणूस एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात तालमीतला शिपाई पिस्तूल कसेबसे बाहेर काढतो. मग सदऱ्याच्या गुंड्या चाचपडणाऱ्या आडत्याचे काय? डॉ. दाभोलकर २०१३ साली पुण्यात आणि कॉ. पानसरे २०१५ साली कोल्हापुरात सकाळी फिरायला निघाले असता हल्ला झाला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये डॉ. कलबुर्गी यांच्यावर त्यांच्या घराच्या दारात गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या गावठी पिस्तुलाने कलबुर्गी गेले त्याच पिस्तुलाने २०१७ मध्ये गौरी लंकेश यांचा बळी घेतला, असा कर्नाटकातील तपासाचा निष्कर्ष आहे. ते ७.६५ मिलिमीटरचे होते, म्हणजे बोअर तोच, जो कायद्याने सज्जनाला दिला आहे. खिशातल्या पिस्तुलाने यांपैकी कोण वाचले असते? दारावर थाप पडली की सभ्य माणूस दार उघडतो, पिस्तूल उपसत नाही.

मारेकऱ्याला परवाना लागत नाही. मुंगेरचा माल जुनाच. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्याच्या उमरटीचे नाव आता महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यांत तोंडपाठ झाले आहे. उलट परवान्याचे शस्त्र कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसर येथे एका माजी नगरसेवकाची हत्या झाली ती मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलाने. त्याच महिन्यात उल्हासनगरला चक्क पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात गोळीबार झाला आणि एका आमदाराला अटक झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. ती कोणा शत्रूने झाडली नव्हती. ते कपाटात ठेवताना उडाले होते. घरात पोरे असतील, कर्ज असेल, मद्याची सवय असेल, नवराबायकोचे भांडण असेल, तर कपाटातील ते ‘अभय’ कोणासाठी ठेवले आहे हे आधीच सांगता येत नाही.

कायद्याची एक बाजू परवानाधारकांनाही फारशी ठाऊक नसते. अमेरिकेत पिस्तूल झाकून बाळगण्यासाठी अनेक राज्यांत खास परवानगी लागे आणि न्यूयॉर्कची ‘विशेष कारण दाखवा’ ही अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केली. आपल्याकडे उलट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते म्यानात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलेच पाहिजे. मिरविणे हाच गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले. तरीही कमरेचे पिस्तूल दिसावे म्हणून सदरा वर खोचणारे पुढारी आपण रोज पाहतो. त्यांच्यासाठी ते शस्त्र नसून सोन्याच्या साखळीचे जोडदागिने आहे.

शस्त्राबरोबर संस्कार कसा असावा, याचे उदाहरण कर्नाटकातच आहे. कोडगूच्या कोडवांना परवान्यातून जुनी सूट आहे. केंद्राने २०१९ साली तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली. तेथे कैलपोळ्दच्या सणाला बंदुकीची पूजा होते. परंतु ती पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. बाजारातून आणलेल्या डब्याबरोबर ती घरी येत नाही.

मग राजेश्वरच्या आडत्याने करावे काय? आम्ही त्याचा हक्क नाकारीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी स्वसंरक्षणाचा अधिकार त्याला दिलेलाच आहे. मात्र त्याला परवाना देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हा एक कागद मानून भागणार नाही. परवान्याच्या दर नूतनीकरणास अर्जदाराला पोलिसांच्या चांदमारीवर उभे करून त्याचा हात पाहावा. ज्याला दहा पावलांवरचे लक्ष्य साधत नाही त्याने बाजारपेठेच्या गर्दीत गोळी झाडू नये, एवढे तरी जनतेचे संरक्षण हवे.

आणि त्याच जिल्हाधिकाऱ्यांना आमचा दुसरा प्रश्न आहे. बिदर, कलबुर्गी, धाराशिव, लातूर आणि संगारेड्डी या पाच जिल्ह्यांच्या पोलिसांची महामार्गावरील गस्त एकत्र का असू नये? सीमाप्रश्नाचे जे व्हायचे ते दिल्लीत होईल. दरोडेखोराने तो केव्हाच सोडविला आहे, त्याच्या लेखी सीमाच नाही. सीमा मानतात ते फक्त पोलीस. सस्तापूर बंगला ते हुमनाबाद या टप्प्यात हंगामात रात्री गस्तीची एक गाडी कायम फिरती ठेवण्यास किती खर्च येईल? मोठी रोकड नेणाऱ्याने आधी कळविल्यास ठाण्याने त्याला सोबत का देऊ नये? तुरीचे पैसे शेतकऱ्याच्या बँक-खात्यात थेट जमा करण्याची बाजार समित्यांनी सक्ती केली, तर रात्रीच्या त्या पिशवीत लुटण्यासारखे किती उरेल? या प्रश्नांची उत्तरे हंगाम सुरू होण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. शस्त्रपरवान्यांचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर येतील, तेव्हा त्यांनी प्रत्येक अर्जामागे एकदा हेही पाहावे की, अर्जदाराच्या गावाहून सर्वांत जवळचे ठाणे किती मैलांवर आहे आणि रात्री तेथला दूरध्वनी कोण उचलतो.