खेळाडूच्या गुडघ्याची किंमत

अमेरिकेतील विद्यापीठांनी आपल्या आघाडीच्या खेळाडूंच्या दुखापत-विम्याचे हप्ते भरण्यास सुरुवात केली, तेव्हा अनेकांना ते औदार्य वाटले. प्रत्यक्षात त्या हप्त्यांनी 'हौशी खेळा'चा जुना युक्तिवाद आतून पोखरला. मात्र ज्याच्यासाठी कोणताही व्यावसायिक संघ पैसे मोजणार नाही, अशा सामान्य खेळाडूच्या दुखापतीचा भार कोणी वाहायचा, या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

१ जानेवारी २०१६ रोजी अ‍ॅरिझोना राज्यात नोटर डेम आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांमध्ये 'फिएस्टा बोल' हा प्रतिष्ठेचा सामना रंगला होता. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकी फुटबॉल, त्यात पायापेक्षा हाताचा आणि अंगाच्या धडकेचा वापर अधिक.) सामन्याच्या पूर्वार्धातच नोटर डेमचा जेलन स्मिथ हा वीस वर्षांचा खेळाडू जायबंदी झाला. गुडघ्यातील दोन लिगामेंट फाटले आणि मज्जातंतूलाही इजा झाली. त्या मोसमात देशातील सर्वोत्तम लाइनबॅकर म्हणून गौरवला गेलेला हा तरुण चार महिन्यांनी होणाऱ्या व्यावसायिक निवडीत पहिल्या पाचांत असेल, असे जाणकार छातीठोकपणे सांगत होते. प्रत्यक्षात तो चौतिसावा निवडला गेला. त्या वर्षी पाचव्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या खेळाडूला चार वर्षांसाठी २ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार मिळाला. स्मिथच्या वाट्याला आला तो सुमारे ६५ लाख डॉलरचा.

स्मिथने विमा उतरवला होता आणि त्यापोटी त्याला सुमारे ९ लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या पुढे आल्या. एका फाटलेल्या गुडघ्याने हिरावलेले उत्पन्न आणि विम्याने भरून दिलेली रक्कम यांतील तफावत यावरून सहज ध्यानात यावी. तरीही स्मिथ सुदैवीच म्हणायला हवा. त्याच्या गुडघ्याला निदान एक किंमत होती आणि ती विमा कंपनीला मान्य होती.

ही किंमत ठरते कशी, हे समजण्यासाठी तेथील व्यवस्था पाहायला हवी. आपल्याकडील वाचकांना आयपीएलचा लिलाव परिचित आहे. अमेरिकेतील 'ड्राफ्ट' ही पद्धत वेगळी. तेथे व्यावसायिक संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि नवोदिताचा मोबदला प्रामुख्याने तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला, यावर ठरतो. शिवाय शालेय शिक्षण संपल्यानंतर तीन वर्षे लोटल्याखेरीज फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रवेशच मिळत नाही. परिणामी ही तीन वर्षे खेळाडूने महाविद्यालयाच्या मैदानावर काढायची असतात. तेथे शिष्यवृत्ती मिळते. पण २०२१ पर्यंत आपल्या नावावर किंवा कीर्तीवर त्याला एक डॉलरही कमावण्याची मुभा नव्हती. थोडक्यात, धोका आजचा आणि कमाई उद्याची. या दोहोंमधील दरी भरून काढणारे साधन म्हणजे विमा.

या विम्याचे दोन प्रकार आहेत. पहिला कायमच्या अपंगत्वाचा. दुखापतीमुळे खेळाडूला पुन्हा कधीच खेळता आले नाही, तरच त्याचे पैसे मिळतात. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या 'एनसीएए' या संघटनेने १९९० मध्ये मोजक्या होतकरू खेळाडूंसाठी अशी योजना सुरू केली. भविष्यातील कमाईच्या भरवशावर कर्ज काढून हप्ता भरण्याची सोयही तिच्यात होती. दुसरा प्रकार बाजारमूल्य घटल्याच्या भरपाईचा. खेळाडू पुन्हा उभा राहिला, खेळलाही. परंतु दुखापतीमुळे त्याची निवड खालच्या क्रमांकावर घसरली, तर ठरलेल्या प्रमाणात भरपाई द्यायची. सामान्यतः दर १० लाख डॉलरच्या संरक्षणामागे १० हजार डॉलरच्या आसपास हप्ता पडतो. मध्यमवर्गीय अमेरिकी कुटुंबालाही तो पेलवणे कठीण. मग ज्या घरांतून यातील अनेक खेळाडू येतात, त्यांची गोष्टच नको.

येथे विद्यापीठांचा प्रवेश झाला. २०१४ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने सेड्रिक ओगबुएही या खेळाडूच्या विम्याचा ५० हजार डॉलरहून अधिक रकमेचा हप्ता स्वतः भरल्याचे उघड झाले. पाठोपाठ फ्लोरिडा स्टेट विद्यापीठानेही जेमिस विन्स्टन या आपल्या नामांकित क्वार्टरबॅकसाठी तोच मार्ग अवलंबल्याचे समोर आले. यामागील हिशेब साधा होता. ओगबुएही त्याच वर्षी व्यावसायिक खेळाकडे वळू शकला असता. विम्याची हमी मिळाल्याने तो आणखी एक मोसम विद्यापीठाकडे थांबला. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या संघाच्या दृष्टीने पन्नास-साठ हजार डॉलर म्हणजे किरकोळ खर्च. योगायोग असा, की त्याच मोसमाच्या अखेरच्या सामन्यात ओगबुएहीचा गुडघा खरोखरच दुखावला. तरीही २०१५ मध्ये तो पहिल्या फेरीत एकविसाव्या क्रमांकावर निवडला गेला.

आक्षेप उपस्थित झाला तो पैशाच्या स्रोताविषयी. हे हप्ते ज्या विद्यार्थी साहाय्य निधीतून भरले गेले, त्याचा मूळ हेतू अडीअडचणीला मदत करण्याचा होता. घरी कोणी दगावले तर प्रवासखर्च, थंडीचे कपडे, विम्यात न बसणारे औषधोपचार अशा गरजांसाठी तो निधी होता. त्यातील एवढी मोठी रक्कम लवकरच कोट्यधीश होऊ घातलेल्या एका खेळाडूवर खर्च करणे नियमात बसत असेलही; न्यायात बसते काय, असा प्रश्न विचारला गेला. तो रास्तच होता. परंतु त्याहून मोठा प्रश्न या हप्त्यांनी नकळत उघडा केला आणि त्याची मुळे साठ वर्षे मागे जातात.

१९५५ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट लुईस या छोट्या महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला. तो शिष्यवृत्तीवर शिकत होता. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई कायद्यान्वये दावा केला. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असा त्या निकालाचा आशय होता. 'एनसीएए'ने याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. संघटनेची सूत्रे दीर्घकाळ सांभाळणारे वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या पुस्तकात स्पष्ट कबुली दिली, की खेळाडूंना कर्मचारी ठरवले जाण्याच्या धास्तीतूनच हा शब्दप्रयोग जन्मला आणि प्रत्येक नियमात रुजवला गेला. विद्यार्थी म्हटले, की तो कामगार नाही. कामगार नाही, म्हणजे भरपाई नाही.

या शब्दाचे बळ केंट वॉल्ड्रेप यांनी अनुभवले. १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळताना त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि ते कायमचे पंगू झाले. १९९३ मध्ये राज्याच्या भरपाई आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पण विमा कंपनी न्यायालयात गेली. अखेर २००० मध्ये अपील न्यायालयानेही ते विद्यापीठाचे कर्मचारी नव्हते, असा निर्वाळा दिला. दुखापतीनंतर तब्बल सव्वीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर.

आता या पार्श्वभूमीवर २०१४ मधील हप्त्यांकडे पाहावे. जी विद्यापीठे न्यायालयांत 'खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, व्यवसायाचा नव्हे' असे सांगत आली, तीच आता विमा कंपनीच्या अर्जावर खेळाडूचे अपेक्षित बाजारमूल्य मांडून त्यावर हप्ता भरू लागली. ज्याला बाजार नाही, त्याचे बाजारमूल्य घटणार कसे? विद्यापीठाच्या मैदानावर, विद्यापीठाच्या तिकीटविक्रीसाठी खेळताना खेळाडूची कमावण्याची क्षमता धोक्यात येते, हे हप्ता भरणाऱ्याने मान्य केलेच होते. फक्त ही मान्यता मूठभरांपुरती होती. डेनिसनच्या पत्नीला जे नाकारले गेले, ते ओगबुएहीला मिळाले. कारण त्याच्या थांबण्यात विद्यापीठाचा लाभ होता.

अर्थात, या मूठभरांनाही विमा म्हणजे अभेद्य कवच ठरला नाही. ओरेगन विद्यापीठाचा इफो एकप्रे-ओलोमू डिसेंबर २०१४ मध्ये सरावात जखमी झाला आणि थेट सातव्या, म्हणजे अखेरच्या फेरीत फेकला गेला. त्याच्या ३० लाख डॉलरच्या विम्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. मार्कीस ली या दुसऱ्या खेळाडूला मात्र लॉइड्स ऑफ लंडनच्या विमेकऱ्यांविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्याने पूर्वीच्या वैद्यकीय बाबी दडवल्या, असा विमेकऱ्यांचा पवित्रा होता. खेळाडूंनी यातून आपला बोध घेतला. २०१६ च्या डिसेंबरात ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लिओनार्ड फोर्नेट या दोन बिनीच्या खेळाडूंनी मोसमाअखेरचे सामने खेळण्यासच नकार दिला. स्मिथचा गुडघा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. न खेळणे हाच सर्वांत खात्रीचा विमा, असे त्यांनी ठरवले आणि पुढे तो शिरस्ताच पडला.

'एनसीएए'च्या छत्राखाली पाच लाखांहून अधिक खेळाडू आहेत आणि त्यांतील अगदी थोडे व्यावसायिक होतात. उरलेल्यांचे काय? महाविद्यालयीन खेळात होणाऱ्या दुखापतींसाठी ९० हजार डॉलरपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाचा विमा असल्याची खातरजमा महाविद्यालयांनी करावी लागते. तो विमा खेळाडूच्या पालकांचा असला तरी चालतो. त्यापलीकडच्या गंभीर प्रसंगांसाठी संघटनेची स्वतंत्र आपत्ती योजना आहे. पदवीनंतरचा काळ मात्र दीर्घकाळ अधांतरीच राहिला. १ ऑगस्ट २०२४ पासून महाविद्यालय सोडल्यावर दोन वर्षांपर्यंत जुन्या दुखापतींच्या उपचारांचा खर्च संघटनेच्या योजनेतून भागवण्याची तरतूद झाली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण विशीत झिजलेला गुडघा चाळिशीत बोलू लागतो आणि डोक्याला बसलेल्या धक्क्यांचे परिणाम कधी कधी त्याहूनही उशिरा दिसतात. दोन वर्षांची मुदत त्यांना पुरी पडणारी नाही.

खेळाडूंनी हा विषय मांडलाच नाही, असे नाही. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा वैद्यकीय संरक्षण ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. २०१५ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने त्या प्रकरणात अधिकारक्षेत्र वापरण्यास नकार दिला. डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये संघटनेच्या बाजूने मतदान केले. पण वर्षाअखेरीस त्यांनी अर्ज मागे घेतला. पैशाच्या बाबतीत मात्र चित्र पालटले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना नाव आणि प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. मोबदला आला, त्यासोबत कर्मचाऱ्याचा दर्जा आणि भरपाईचा हक्क मात्र आला नाही.

सगळी महाविद्यालये श्रीमंत नसतात, हा विद्यापीठांचा प्रतिवाद अमान्य करता येणार नाही. बहुसंख्य क्रीडा विभाग उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करतात आणि प्रत्येक जलतरणपटूला कर्मचारी ठरवले, तर अनेक खेळ बंद पडतील, ही भीती निराधार नाही. परंतु त्यासाठी कर्मचारी हाच एकमेव मार्ग आहे, असेही नाही. थेट मोबदल्याच्या रकमेतील आणि प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा बाजूला काढून, दुखापत सिद्ध झालेल्या प्रत्येक माजी खेळाडूच्या दीर्घकालीन उपचारांसाठी सामाईक निधी उभारता येईल. त्याला चूक कोणाची, हे विचारण्याची गरज नाही. कामगार भरपाईच्या कायद्यांमागील तत्त्वही हेच आहे.

आघाडीच्या खेळाडूचा विमा उतरवण्यात गैर काही नाही. त्याच्या जिवावर सामने भरतात, तर धोक्यातही विद्यापीठाने वाटा उचलावा, हे न्याय्यच आहे. आक्षेप आहे तो क्रमाला. ज्याचा गुडघा लाखमोलाचा, त्याच्या बाजारभावाची काळजी आधी आणि ज्याच्या गुडघ्याला बाजारच नाही, त्याच्या उपचारांचा विचार नंतर, असा हा उलटा क्रम आहे. तो सरळ होत नाही, तोवर १९५५ मध्ये एका विधवेने विचारलेल्या प्रश्नाला अमेरिकी विद्यापीठांनी उत्तर दिले, असे म्हणता येणार नाही.